एझी-ई हयात असतानाच
एन.डब्ल्यू.ए. हा अमेरिकन रॅप ग्रुप; एझी-ई, डॉ. ड्रे, आइस क्यूब आणि एमसी रेन हे त्यातले रॅपर. 'एझी-ई गेल्यावरच एन.डब्ल्यू.ए.ची फुटलेली मंडळी पुन्हा जवळ आली' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. ड्रे, क्यूब आणि रेन तिघं एकत्र गायले ते नंतर, कबूल. पण ड्रे आणि क्यूबचं 'नॅचरल बॉर्न किलाझ' हे गाणं १९९४ चं, आणि एझी-ई वारला मार्च १९९५ मध्ये. १९९१ मध्ये 'नो व्हॅसलीन' या गाण्यात क्यूबने ड्रेचेही वाभाडे काढले होते. तोच क्यूब 'किलाझ'मध्ये ड्रेबरोबर आळीपाळीने कडवी म्हणतो, ते ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो.

'किलाझ'चा व्हिडिओ केला एफ. गॅरी ग्रेने, ज्याने पुढे २०१५ मध्ये याच ग्रुपवर 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा सिनेमा काढला. ड्रे आणि क्यूबचा 'हेल्टर स्केल्टर' हा अख्खा अल्बमही ठरला होता. तो आलाच नाही, याची मला फार हळहळ वाटते.