चेटकीण, हडळ की विच?

गुंताडा: परीकथांचा अनुवाद करतेय. रशियन गोष्टींतली बाबा यागा कोंबडीच्या पायांवर उभ्या झोपडीत राहते, उखळात बसून उडते, मुसळाने वल्हवते. मी तिला 'चेटकीण' केलं. संपादकबाईंनी खोडून 'हडळ' लिहिलं. पण ही बया कधीकधी नायिकेला मदतही करते! तिथे काय करू?

अर्धविराम: हडळ मेलेली असते, चेटकीण जिवंत. विषय संपला.

जुनी_वही: संपला कसा? आमची आजी धाकट्या जावेला तिच्या तोंडावर हडळ म्हणायची, आणि जाऊबाई चांगल्या ठणठणीत होत्या. लोककथेपुरतं मात्र बरोबर. कोकणात तर वाटणी फार काटेकोर: सवाष्ण मेली की जखीण, विधवा मेली की लावसट, बाळंतपणात गेली की हडळ किंवा अळवंत. नवऱ्याची चौकशी झाल्याशिवाय बाईला भूतसुद्धा होता येत नाही.

खडीसाखर: मुंजाला विसरलात. त्याचीही सोडमुंज राहिलेलीच असते.

तत्समप्रेमी: 'चेट' म्हणजे सेवक. भुताला सेवेत ठेवते ती चेटकीण. कोकणातलं चेडा नावाचं भूत त्यातलंच. हा शब्द फार खाली घसरलाय, 'मायाविनी' घ्या.

अर्धविराम: मायाविनी उखळात बसेल? चेडा-चेट हे नातं कुठून जुळवलंत?

तत्समप्रेमी: कानाला पटतं.

अर्धविराम: कानाला तर 'चेटकीण' आणि 'चटकन'ही पटतं.

खडीसाखर: पोरांना विचारा, सरळ 'विच' म्हणतात. टोकदार काळी टोपी, हिरवं तोंड.

जुनी_वही: ते हिरवं तोंड १९३९च्या 'विझर्ड ऑफ ऑझ' सिनेमाचं. १९००च्या मूळ पुस्तकात पश्चिमेच्या चेटकिणीला एकच डोळा आणि हातात छत्री! आपली चिंची चेटकीण काय वाईट आहे? 'अलबत्या गलबत्या' नाटकात आधी दिलीप प्रभावळकर, पुढे वैभव मांगले. पोरं घाबरतात आणि खिदळतातही. चिंची हडळ म्हणून बघा, गंमतच जाते.

पाणवठा: आता कुणी 'डाकीण' सुचवू नका. तिबेटी बौद्धांत डाकिनी पूज्य असेल, पण सातपुड्यात तो बाईवरचा आरोप आहे. त्यापायी मारहाण होते, गावाबाहेर काढतात. मुलांच्या पुस्तकात गंमत म्हणून नको.

तत्समप्रेमी: मग चेटकीणही आरोपच की. अमेरिकेतल्या सेलमला १६९२मध्ये चेटकिणी म्हणून १९ जणांना जाळलं.

अर्धविराम: फाशी दिली. जाळलं युरोपात. आणि त्या १९ जणांत पुरुषही होते, त्यांना काय चेटकीण म्हणणार?

तत्समप्रेमी: चेटक्या. पण मायावी जास्त शोभतं.

गुंताडा: अहो, बाबा यागा! नाव तसंच ठेवून एकदाच 'चेटकीण' म्हणू का? आणखी एक, ती मागे उमटलेल्या खुणा झाडूने पुसत जाते. झाडू, केरसुणी की खराटा?

खडीसाखर: खराटा. घराबाहेरच्या खुणा केरसुणीने कोण पुसतं?

तत्समप्रेमी: कुंचा.

अर्धविराम: कुंचा रंगाऱ्याचा.

जुनी_वही: आमच्याकडे कुंचा म्हणजेच केरसुणी. रंगाऱ्याचा तो कुंचला.

अर्धविराम: कुंचला चित्रकाराचा! भिंत कुंचल्याने रंगवतात का तुमच्याकडे?