पाचवीत लांबीचे मापन : 3 मीटर 5 सेंटिमीटरचे 3.5 मीटर होते, मदत हवी आहे

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गणित शिकवते. लांबीचे मापन या घटकाबाबत अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन हवे आहे. अडचण थोडी सविस्तर मांडते, कारण ‘कृतीतून शिकवा’ एवढ्या सल्ल्याने ती सुटणारी नाही. कृती आम्ही करतोच.

कागदावरची सरळ रूपांतरे बहुतेक मुलांना येतात. मोठ्या एककाकडून लहान एककाकडे जाताना गुणायचे आणि उलट जाताना भागायचे, हा नियम त्यांना पाठ आहे. 4 मीटर म्हणजे 400 सेंटिमीटर हे झोपेतून उठवले तरी सांगतील. मात्र वर्गातील फळा मोजून तो 3 मीटर 5 सेंटिमीटर भरला आणि हीच लांबी फक्त मीटरमध्ये लिहा असे सांगितले, की निम्म्याहून अधिक वह्यांत 3.5 मीटर असे उत्तर येते. गंमत म्हणजे 3.5 मीटर म्हणजे साडेतीन मीटर, हेही तीच मुले बिनचूक सांगतात. फळा साडेतीन मीटरचा नाही हे डोळ्यांना दिसत असूनही त्यांना या दोन गोष्टींतील विसंगती खटकत नाही, याची मला अधिक काळजी वाटते. याच समजुतीतून 2.15 मीटर ही लांबी 2.5 मीटरपेक्षा जास्त ठरते, कारण पंधरा पाचांपेक्षा मोठे.

मुलांच्या उत्तरांवर विचार करताना असे लक्षात आले की त्यांच्या भोवतालच्या व्यवहारात टिंबाचा अर्थ खरोखरच ‘इथे एक एकक संपले, आता दुसरे सुरू’ असा असतो. शाळेच्या सूचनाफलकावर सकाळी 7.30 लिहिलेले असते आणि ते साडेसात असतात. क्रिकेटच्या धावफलकावर 4.3 म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू, म्हणजेच साडेचार षटके, 4.6 असे काही तिथे येतच नाही, थेट 5 होते. घरी कोणाची उंची 5.6 सांगितली जाते ती पाच फूट सहा इंच, म्हणजे साडेपाच फूट. तिन्ही ठिकाणी अर्धाच भाग आहे, पण तो 30, 3 आणि 6 असा तीन प्रकारे लिहिला जातो, आणि आम्ही वर्गात सांगतो की अर्धा म्हणजे .5. मुलांनी गोंधळू नये अशी अपेक्षा तरी कशी करायची?

पूर्वी रुपये-पैशांचा आधार घेता येत असे. 3 रुपये 5 पैसे म्हणजे 3.05 हे दुकानात जाणाऱ्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली, त्यामुळे आजच्या पाचवीतील मुलाला पाच पैसे ही केवळ पुस्तकातली गोष्ट वाटते.

सध्या मी डेसिमीटरवर भर देऊन पाहते आहे. व्यवहारात हे एकक कोणी वापरत नाही आणि म्हणून शिकवतानाही ते घाईघाईने उरकले जाते, परंतु टिंबानंतरचे पहिले घर नेमके त्याचेच आहे. जाड पुठ्ठ्याच्या 10 सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापून मुलांना दिल्या. फळ्यावर तीन वेळा मीटरपट्टी लावून झाल्यावर उरलेल्या जागेत पुठ्ठ्याची एकही पूर्ण पट्टी बसत नाही, म्हणून पहिल्या घरात शून्य, आणि मग पाच सेंटिमीटर दुसऱ्या घरात, असे त्यांनी स्वतः मांडले. त्या तासाला 3.05 हे उत्तर जवळजवळ सर्वांचे बरोबर आले. पट्ट्या कपाटात गेल्यावर काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा दिला, तेव्हा 3.5 परत आले.

पट्टी वाचण्यातही चुका होतात. पेन्सिलचे एक टोक 3 वर आणि दुसरे 11 वर असेल, तर काही मुले 11 सांगतात आणि काही 3 पासूनच्या रेषा मोजून 9 सांगतात; मधली आठ अंतरे मोजणारी थोडीच. शून्याकडचे टोक तुटलेली पट्टी मुद्दाम वापरायला दिल्याने यात बरीच सुधारणा झाली आहे, त्यामुळे त्याबद्दल आत्ता विशेष विचारायचे नाही.

माझे मुख्य प्रश्न असे आहेत. वेळ, षटके आणि फूट-इंच यांतील टिंब आणि मीटरमधील टिंब यांतील फरक वर्गात उघडपणे चर्चेला घ्यावा का, की त्यामुळे आज न गोंधळलेली मुलेही गोंधळतील? घ्यायचा असल्यास दशांश अपूर्णांक शिकवण्याआधी की नंतर? पुठ्ठ्याच्या पट्ट्यांपासून केवळ अंकांपर्यंत येताना मध्ये आणखी एखादी पायरी कोणी वापरली आहे का? मीटर, डेसिमीटर, सेंटिमीटर अशा रकान्यांचा तक्ता मी वापरते, पण तो समोर असेपर्यंतच उपयोगी पडतो.

आणखी एक विचार मनात आहे. आमच्या शाळेजवळून जाणाऱ्या रस्त्यावर किलोमीटरच्या दोन दगडांदरम्यान दर 200 मीटरवर 2, 4, 6, 8 असे आकडे असलेले छोटे दगड आहेत. 2 चा दगड म्हणजे 0.2 किलोमीटर, आणि त्याच्यापुढे 50 मीटर चालले की 0.25, असे चालत चालत दशांश वाचता येतील असे वाटते. रस्ता वर्दळीचा असल्याने संपूर्ण वर्ग तिथे नेणे शक्य नाही, म्हणून शाळेच्या मैदानावर चुन्याने 100 मीटरची रेघ आखून दर 10 मीटरला खुंटी ठोकावी आणि त्या रेघेलाच एक एकक मानावे, असा बेत आहे. असा प्रयोग कोणी केला असल्यास, मुलांना ‘100 मीटर’ आणि ‘एक’ हे एकाच वेळी डोक्यात ठेवणे पाचवीत जमते का, हे कृपया कळवावे.