विषय: 'बोल्ड अँड द ब्यूटिफुल'चे गुरुवार-शुक्रवारचे भाग कुठे मिळतील?

प्रेषक: मीनल
नमस्कार मंडळी,
सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली तेव्हा स्टार प्लसवर 'सांता बार्बरा' आणि 'बोल्ड अँड द ब्यूटिफुल' या अमेरिकन मालिका बघणाऱ्यांपैकी त्या एक. इथे शिकागोत दुपारी टीव्ही लावला तर समोर 'बोल्ड'ची नायिका, तीच ब्रूक! १९८७ पासून तीच नटी. नायक रिजचा नट मात्र मधे बदलला, ते काही त्यांना अजून पटलेलं नाही. आता रोज साडेबाराला घरात कर्फ्यू असतो.
या गुरुवारी आणि शुक्रवारी मालिका लागलीच नाही. ते दोन भाग कुठे बघता येतील? शिवाय महिनाअखेर आम्ही केबल बंद करतोय, मग पुढे काय?

प्रेषक: आशिष
मीनलताई, माझ्याकडे एक लिंक आहे. सगळं फुकट. टाकू का इथे?

प्रेषक: शिरीष
आशिष, नको रे बाबा. अशा साइट्स आधी 'प्लेअर अपडेट करा' म्हणतात, मग कार्डाचा नंबर मागतात. फेसबुकवर चोरून टाकलेले भागही तसलेच. पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं केलेलं असतं, ब्रूकचा भांग भलत्याच बाजूला. आणि मराठी मंडळाच्या या ईमेल यादीवर अशी लिंक गेली तर उत्तर समितीला द्यावं लागेल.
मीनल, सासूबाईंना सांग, ते भाग हुकलेलेच नाहीत. मार्चमध्ये कॉलेजच्या बास्केटबॉलची पहिली फेरी गुरुवारी आणि शुक्रवारी असते, तेव्हा ही मालिका जिच्यावर लागते ती सीबीएस वाहिनी दुपारच्या मालिका बाजूला ठेवून दिवसभर सामने दाखवते. त्या दोन दिवशी नवा भाग येतच नाही. गोष्ट जिथे थांबली तिथूनच सोमवारी पुढे चालू होते.
केबल गेल्यावर सगळ्यात स्वस्त उपाय अँटेनाचा. एकदाच खर्च, महिन्याचं बिल नाही, कायदेशीर तर आहेच. फक्त खिडकीला चिकटवायचा चपटा कागदासारखा अँटेना आणू नकोस. शिकागोत सीबीएसचं चॅनेल २ व्हीएचएफ या लांब लहरींच्या पट्ट्यावरून येतं आणि ते पकडायला तो बहुतेक वेळा कमी पडतो. लांब काड्या बाहेर ओढता येतात तो घे आणि टीव्हीवर चॅनेल्स पुन्हा स्कॅन कर.
साडेबाराला वामकुक्षी आडवी आली तर पॅरामाउंट प्लस, म्हणजे सीबीएसच्या मालिका इंटरनेटवर पैसे भरून बघायची सेवा. तिथे भाग दुसऱ्या दिवशी येतो. जाहिरातींसकट असलेला स्वस्त प्लॅन पुरतो. थेट सीबीएस फक्त महागड्या प्लॅनमध्ये मिळतं, पण अँटेना असताना ते कशाला?

प्रेषक: मीनल
शिरीषकाका, हे सांगितल्यावर सासूबाईंची पहिली प्रतिक्रिया, "बास्केटबॉलसाठी?" पण जीव भांड्यात पडला.
त्या जूनमध्ये परत जातील. आमचंच पॅरामाउंट प्लसचं खातं पुण्याला चालेल का?

प्रेषक: शिरीष
नाही. अमेरिकेतलं खातं भारतात उघडलं तरी भाग दिसत नाहीत. व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं ॲप, लावून बघणारे आहेत, पण ते त्यांच्या अटींच्या विरुद्ध आहे आणि सत्तरीतल्या बाईंच्या फोनवर ते लावून देणारं तिथे कोण आहे? त्यापेक्षा जूनपर्यंत मनसोक्त बघू द्या.

प्रेषक: विद्या
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझी जाऊ 'डेज ऑफ अवर लाइव्हज' बघायची. एनबीसीवर सापडत नाही. बंद पडली का?

प्रेषक: शिरीष
चालू आहे! १९६५ पासून एनबीसीवर होती, सप्टेंबर २०२२ मध्ये पीकॉक या त्यांच्याच इंटरनेटवरच्या सेवेवर नेली. नवे भाग फक्त तिथेच, पैसे भरून. अँटेनावर काही मिळणार नाही. 'जनरल हॉस्पिटल' हवी असेल तर ती एबीसीवर, दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर हुलू या सेवेत. आधी मालिका कोणत्या वाहिनीची ते बघायचं, मग पैसे भरायचे.

प्रेषक: मीनल
कोणाकडे काड्यांचा जुना अँटेना पडून असेल तर रविवारी मराठी शाळेत आणाल का? बदल्यात सासूबाई पुरणपोळ्या देणार आहेत. आशिष, तुला नाही.