मदत हवी आहे: पाचवा महिना, रूट कॅनालसाठी चार एक्स-रे आणि वर ओपीजी

पाचपाखाडीकर:
बायकोला पाचवा महिना आहे. खालच्या दाढेत पू झालाय. इथल्या, ठाण्यातल्या डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलंय. त्यात चार छोटे एक्स-रे, त्याआधी एक ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. घरचे म्हणतात, बाळंतपणानंतर बघू. चालेल का?

दाढदुखी:
थांबू नका. पू पसरून ताप चढला तर तो आई-बाळ दोघांनाही एक्स-रेपेक्षा जड. शिवाय पाचव्या महिन्यात खुर्चीत उताणं झोपता येतं, आठव्यात नाही. डॉक्टरांना महिना आठवणीने सांगा, औषधं त्यावर ठरतात.

छोट्या एक्स-रेचा, म्हणजे आरव्हीजीचा, डोस साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप). माती, हवा, आकाश, अन्न यांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी २४०० मिळतात, म्हणजे रोजचे साडेसहा. चार आरव्हीजी म्हणजे फार तर पाच दिवसांचा हिशेब. तोही जबड्यावर, पोटापर्यंत जवळपास काहीच पोचत नाही.

चार का? एक निदानाला, दुसरा फाइल (मूळ साफ करायची बारीक सुई) मुळाच्या टोकाला पोचली का बघायला, तिसरा गटापर्चाची (मूळ भरायच्या रबरासारख्या पदार्थाची) कांडी बसवून, चौथा भरून झाल्यावर. अपेक्स लोकेटर (मुळाची लांबी मोजणारं यंत्र) असेल तर दुसरा बहुधा वाचतो.

ओपीजीचं कारण मात्र विचाराच. एका दाढेसाठी ती सहसा लागत नाही, मुळाचं टोकही आरव्हीजीइतकं स्पष्ट दिसत नाही. (अक्कलदाढ अडकली असेल तर गोष्ट वेगळी.)

पाचपाखाडीकर:
आभार. शिशाचा एप्रन मागू का?

नेरुळ_सेक्टर:
मागा, मनाला बरं वाटतं. पण अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्येच सांगितलंय की दातांच्या एक्स-रेला एप्रन आणि गळपट्टा सरसकट गरजेचे नाहीत. ओपीजीत तर गळपट्ट्याची सावली फोटोवर येते.

डोस खरा वाचतो तो आयताकृती कॉलिमेटरने (किरणांचा झोत अरुंद करणारं तोंड) आणि रिटेक टाळल्याने. रिटेक होतो कारण सेन्सर (तोंडात ठेवायची पट्टी) उथळ बसतो आणि मुळाचं टोक कापलं जातं. एक्स-रेची नळी जास्त कलली तर मूळ आखूड दिसतं, कमी कलली तर लांब. सेन्सर बोटाने धरायला सांगितलं तर होल्डर मागा. ओकारी येत असेल तर नाकाने श्वास घ्यायचा. तुम्ही खोलीबाहेर थांबा.

मशीन एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांत बसतं का, विचारायला लाजू नका. आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो नको, एक्स-रेची अस्सल डिजिटल फाइल मेलवर घ्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी तोच एक्स-रे पुन्हा काढावा लागणार नाही.