मरणाबद्दल खरं वाटेल असं कुणी लिहिलंय?

परळची_वाचक: आजी गेल्यापासून हेच शोधतेय. बहुतेक कादंबऱ्यांत माणूस शेवटी एक छान वाक्य बोलतो आणि जातो, पण आमच्याकडे तर डायपर, औषधांची बिलं, गॅलरीत उभं राहून फोनाफोनी असंच सगळं होतं. असं लिहिलेलं सुचवा ना.

ठाणे_फास्ट: टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' वाच, 1886 ची. सुरुवातच अशी की तो गेल्याची बातमी कळते आणि ऑफिसातले लोक मनातल्या मनात आता कुणाला प्रमोशन मिळणार याचा हिशोब करतात. घरचे आजाराबद्दल खोटं बोलत राहतात, खरं वागतो तो फक्त गेरासिम नावाचा नोकर, तासन् तास त्याचे पाय खांद्यावर धरून बसतो. मला आख्ख्या पुस्तकात तोच सगळ्यात मोठा माणूस वाटतो. लोकलमध्ये वाचू नकोस मात्र, रडू येतं.

गिरगाव_चाळ: मराठीत सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' आहे की! 1974 चं नाटक. मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तन करतो आणि बंद झालेल्या जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हट्ट धरून बसतो. हसू येतं, पण चाळीत मयत झाल्यावरची शेजाऱ्यांची धावपळ ज्याने पाहिलीय त्याला ते आतून लागतं.

परळची_वाचक: थँक्यू दोघांनाही! गेरासिमसारखी आमच्याकडे रात्रपाळीची एक मावशी होती. आधी टॉलस्टॉयच घेते, दादरला ग्रंथसंग्रहालयात अनुवाद मिळतो का बघते.