मदत हवी आहे: जुन्या यामाहा डीएक्स७मध्ये टोन परत कसे भरायचे? काकांच्या वहीतली सनई हवी आहे

नमस्कार. सोलापूरहून लिहितोय. जरा सविस्तर सांगतो.

माझे काका ऐंशी-नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे. इथले गणपती, नवरात्र, शिवाय बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटपर्यंतचे कार्यक्रम. त्यांचा यामाहा डीएक्स७ अजून घरात आहे, १९८३ साली निघालेलं ते पहिलंच मॉडेल. बारा वर्षं माळ्यावर सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवला होता. मागच्या महिन्यात खाली काढला. ६१च्या ६१ पट्ट्या चालतात, डिस्प्लेही येतो. पण आतला सेल संपला होता. तो बदलून घेतला, तरी टोनच्या नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी अक्षरं दिसतात. कुठल्याही नंबरवर गेलं तरी कर्कश शिट्टी, नाहीतर शांतता.

एका दुकानातून इंडियन टोनचा पेन ड्राइव्ह आणला. घरी आल्यावर लक्षात आलं की याला पेन ड्राइव्ह लावायची जागाच नाही. मग साधी यूएसबी-मिडी केबल (लॅपटॉप आणि की-बोर्ड जोडणारी) घेतली, नेटवरून कारखान्यातल्या मूळ टोनची एसवायएक्स फाइल उतरवली (४,१०४ बाइट) आणि लॅपटॉपवरच्या मिडी-ऑक्स या सॉफ्टवेअरमधून पाठवली. लॅपटॉप म्हणतो फाइल गेली. की-बोर्ड ढिम्म.

आता मुख्य गोष्ट. काकांनी स्वतः बनवलेला एक सनईचा टोन होता. त्यावर त्यांचं फार नाव झालं होतं, लग्नाच्या कार्यक्रमात लोक मागे वळून खरी सनई कुठे आहे ते शोधायचे. त्या टोनचे सगळे आकडे त्यांनी एका वहीत लिहून ठेवलेत. वही सापडली आहे, पण एका पानावर पाण्याचा डाग पडलाय आणि ऑपरेटर ४च्या (ऑपरेटर म्हणजे आवाज घडवणारा एकेक स्रोत) ओळीतले दोन आकडे वाचता येत नाहीत, कोर्स फ्रिक्वेन्सी (मूळ सुराची किती पट) आणि आउटपुट लेव्हल (किती जोर). अल्गोरिदम, म्हणजे ऑपरेटर एकमेकांना जोडायची रचना, ५ आहे, ऑपरेटर ३ची कोर्स १ आहे. काका ७४ वर्षांचे आहेत. हात थरथरतात, पण कान पूर्वीसारखाच आहे. गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत तो आवाज त्यांना ऐकवायचा आहे. फाइल का जात नाही आणि पुसलेल्या आकड्यांचं काय करू, कृपया सांगा.

प्रतिसाद १:

आधी पेन ड्राइव्हचं सांगतो, कारण या गैरसमजात खूप जण पैसे घालवतात. हल्लीच्या की-बोर्डमध्ये जो टोन टाकतात तो बहुतेक वेळा खऱ्या वाद्याच्या रेकॉर्डिंगवर उभा असतो. डीएक्स७मध्ये रेकॉर्डिंगच नसतं. सहा ऑपरेटर, म्हणजे साइन लहरी काढणारे सहा स्रोत, एकमेकांना ढवळतात आणि त्यातून आवाज तयार होतो. टोन म्हणजे फक्त आकडे: प्रत्येक ऑपरेटरचे २१, सगळ्यांना मिळून १९, आणि नावाची १० अक्षरं, एकूण १५५. म्हणूनच तुमच्या काकांना अख्खा आवाज वहीत लिहिता आला.

आता फाइल. दोन कुलपं उघडायची आहेत. मेमरी प्रोटेक्टचं इंटर्नल बटण दाबून 'नो' दाबा. मग फंक्शन दाबून ८ नंबरचं बटण. आधी चॅनेल दिसेल, तो १ ठेवा. तेच बटण पुन्हा दाबलं की 'सिस इन्फो अनअव्हेल' येईल, तिथे 'येस' दाबून 'अव्हेल' करा. हे केल्याशिवाय तो बाहेरून आलेले टोन घेतच नाही. केबलच्या 'इन' लिहिलेल्या टोकाकडेही बघा. पुष्कळ केबलींवर ते टोक की-बोर्डच्या 'आउट'मध्ये लावायचं असतं.

धागाकर्ता:

मनापासून आभार. कुलपं उघडली, टोकंही उलटी लागली होती ती बदलली. आता काहीतरी पोचतंय, पण प्रत्येक वेळी चेकसमची चूक (म्हणजे आलेले आकडे जुळत नाहीत) दाखवतो. पाच-सहा वेळा केलं.

प्रतिसाद २:

मग केबलच बदला. साध्या केबली एकेका सुराचे छोटे संदेश नीट नेतात, पण ४,१०४ बाइटचा सलग संदेश आला की मधले बाइट गळतात. खरं तर सव्वा सेकंदाचं काम आहे. मी जुळे सोलापुरात राहतो, माझ्याकडे रोलँडचा यूएम-वन हा मिडी इंटरफेस आहे, घेऊन जा.

वहीतले आकडे की-बोर्डच्या एका स्लायडरवर भरत बसू नका. लॅपटॉपवर डेक्स्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, तो डीएक्स७च आहे समजा. त्यात आकडे भरा, ऐका, बँक (३२ टोनचा संच) सेव्ह करा आणि मग पाठवा. फाइल राहिली तर पुढे सेल गेला तरी टोन जाणार नाही.

प्रतिसाद १:

पुसलेल्या आकड्यांबद्दल. अल्गोरिदम ५मध्ये दोन-दोनच्या तीन जोड्या असतात, १-२, ३-४, ५-६. पॅनेलवर आकृती छापलेली आहे. ४ स्वतः ऐकू येत नाही, तो ३ला ढवळतो. त्याची लेव्हल वाढवली की ३चा आवाज चिरका होतो, कमी केली की मऊ. कोर्स १ पासून सुरुवात करा. २ केली तर त्या जोडीत फक्त विषम हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) उरतात आणि आवाज क्लॅरिनेटकडे झुकतो. सनईची नळी खाली रुंद होत जाते, तिच्यात सम-विषम सगळे हार्मोनिक असतात. लेव्हल मात्र काकांनाच ठरवू द्या. ० ते ९९मध्ये हळूहळू वर न्या आणि त्यांना समोर बसवा.

धागाकर्ता:

काल रात्री जमलं. यूएम-वनने पहिल्याच वेळी 'मिडी रिसीव्ह्ड' आलं, ३२ नावं ओळीने दिसली. वहीतले आकडे डेक्स्डमध्ये भरायला दोन तास लागले. कोर्स १ ठेवली. लेव्हल ६०वरून एकेक वाढवत होतो, काका डोळे मिटून बसले होते. ७०ला म्हणाले, अजून. ७८ला त्यांनी हात वर केला. मग मला बाजूला सरकवून स्वतः भूप वाजवला, थरथरत्या हातांनी, पण वाजवला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या.

टोन १५ नंबरवर ठेवलाय, वहीत तोच नंबर आहे. बँकेची फाइल लॅपटॉपवर आणि भावाच्या फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवली. वहीत अजून ११ टोन आहेत, त्यात एक संबळही आहे. काका म्हणतात सगळे भरू. जुळे सोलापूरचे दादा, तुमचा इंटरफेस आणखी आठवडाभर ठेवला तर चालेल का?