मदत हवी आहे: हॅव लावलं तरी वाक्य चुकतंच

कोरी_पाटी:
इंग्रजीत काम झालंय एवढंच लिहायचं असतं, तरी वाक्याखाली रेघ येते. 'आहे' आलं की हॅव-हॅज, असंच शिकवलं होतं ना? संध्याकाळपर्यंत मेल पाठवायची आहे. नियम सांगा, लेक्चर नको.

तिरपी_रेघ:
वाक्य कुठाय? आणि रेघ लाल की निळी? वर्डमध्ये लाल म्हणजे स्पेलिंग, निळी म्हणजे व्याकरण.

जुनी_वही:
व्ही-थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप, कच्चं असणार, दुसरं काय! रोज दहा क्रियापदं पाठ करा. कम-केम-कम, रन-रॅन-रन ही आधी. 'हॅज केम', 'हॅव रॅन' इथेच सगळे घसरतात.

तिरपी_रेघ:
वाक्य न बघताच औषध?

कोरी_पाटी:
निळी. 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे.' आणि 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.' व्ही-थ्री बरोबर आहे माझं.

तिरपी_रेघ:
पहिल्यात 'ऑन मंडे' नडतंय. 'मी सोमवारी फॉर्म भरला आहे' हे मराठीत खपतं, म्हणून कानाला खटकत नाही. इंग्रजीत यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ अशी सरलेली वेळ आली की हॅव काढायचं: 'आय सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे.' वार सांगायची गरज नसेल तर वार काढा, हॅव राहू द्या. 'धिस मॉर्निंग'ची गंमत वेगळी. सकाळ चालू असेपर्यंत हॅव चालतं, दुपारी तेच वाक्य साध्या भूतकाळात जातं.

दुसऱ्यात दोन चुका. काम अजून चालू आहे, म्हणून 'हॅव बीन वर्किंग'. शिवाय कालावधीला फॉर आणि सुरुवातीला सिन्स: 'फॉर थ्री इयर्स', पण 'सिन्स जून'.

मधली_सुट्टी:
अमेरिकन लोक 'डिड यू ईट यट?' बिनधास्त म्हणतात. कशाला एवढा काथ्याकूट?

तिरपी_रेघ:
ती सूट जस्ट, ऑलरेडी, यट असतानाची, आणि तीही हॅव गाळायची. 'हॅव'सोबत 'यस्टरडे' तिकडेही चूकच.

फळा_डस्टर:
'हॅज बीन'पुढे व्ही-थ्री आलं तर कर्मणी: 'द फॉर्म हॅज बीन सबमिटेड'. आयएनजी आलं तर चालू क्रिया: 'शी हॅज बीन रायटिंग'. हे आधी पक्कं करा.

कोरी_पाटी:
हे कुणी विचारलं? 'आय हॅव गॉन टू द हेड ऑफिस ट्वाइस' याला रेघ नाही आली. म्हणजे बरोबर ना?

तिरपी_रेघ:
नाही. जाऊन परत आलात ना? मग 'आय हॅव बीन टू द हेड ऑफिस ट्वाइस'. 'ही हॅज गॉन' म्हणजे माणूस अजून तिकडेच. वाक्यरचना ठीक असली की वर्ड गप्प बसतं, तुम्ही परतलात की नाही ते त्याला काय कळणार!

जुनी_वही:
बघा, गो-वेंट-गॉनवरच आलं शेवटी.

मधली_सुट्टी:
ती निळी रेघ मोबाइलवर कशी चालू करायची?